मुलींच्या शाळेतलं विद्यार्थिनी मंडळ: भोंडला, पॅडचा डबा आणि दोन अधिवेशनं कशी सांभाळायची?

नव्या_बाई विचारतात:

पुण्यातल्या पेठेतली मुलींची माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी. सकाळी ७ ते १२.१० आठवी-नववी-दहावी, मुली साधारण ४५०. दुपारी १२.३० ते ५.३० पाचवी-सहावी-सातवी, प्रत्येकी चार तुकड्या, एकूण ५००च्या आसपास. पटांगण ४० मीटर बाय २५ मीटर. यंदा विद्यार्थिनी मंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. प्रश्न असे:

१. दुपारच्या ५०० मुलींचा भोंडला या पटांगणात कसा बसवायचा? मोठ्या मुलींनी तो चालवायचा आहे.
२. स्वच्छतागृहात सॅनिटरी पॅडचा डबा ठेवायचा उपक्रम दरवर्षी जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीनंतर दिसेनासा होतो. तो टिकवायचा कसा?
३. पदं मतदानाने द्यायची की बाईंनी नेमायची?
४. पैसे मुलींच्या हातात द्यावेत का, किती?

बाईंनी सगळं करायचं आणि मुलींनी फक्त माईक धरायचा, असं मंडळ नको आहे. त्या प्रकारात तरबेज असणाऱ्यांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर जावं.

---

फक्की_आणि_दोरी

भोंडल्याचं सांगतो. आधी कागदावर गणित करा, सजावट शेवटी.

हात धरून फिरणाऱ्या मुलीला परिघावर साधारण ९० सेंटीमीटर जागा लागते. त्याहून कमी दिली तर पाय पायात येतात, जास्त दिली तर हात ताणले जाऊन साखळी तुटते. तुमच्या पटांगणात दोन रिंगणं बसतात आणि प्रत्येक रिंगणात एकात एक तीन फेर. फेरांची त्रिज्या ४, ६ आणि ८ मीटर. आतल्या फेरात २८ मुली, मधल्यात ४२, बाहेरच्यात ५६. म्हणजे एका रिंगणात १२६ आणि दोन्ही मिळून २५२. तुमच्या ५०० मुली दोन खेपांत बसल्या.

रिंगणांचे मध्य आखूड भिंतींपासून १०-१० मीटरवर घ्या. बाहेरच्या फेरापासून भिंत २ मीटर राहते आणि दोन रिंगणांच्या मधे ४ मीटरची गल्ली मिळते. गाणाऱ्या मुली आणि स्पीकर त्या गल्लीत. स्पीकर पटांगणाच्या दोन टोकांना लावू नका. ४० मीटर अंतर पार करायला आवाजाला एक दशांश सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दुरून उशिरा आलेला ठेका ऐकून अर्धा फेर एका ठेक्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर चालायला लागतो. गल्लीत पाठीला पाठ लावून दोन छोटे स्पीकर ठेवले की काम भागतं आणि शेजारच्या वाड्यातून निरोपही येत नाही.

आखणीला नऊ मीटरची एक सुती दोरी, तिला ४, ६, ८ मीटरवर गाठी, मध्यावर खुंटी किंवा एक खंबीर मुलगी. तीन जणींचं अर्ध्या तासाचं काम आहे. नावात फक्की असूनही सांगतो, इथे फक्की वापरू नका. अनवाणी पायांनी चुना उडतो आणि डोळ्यांत जातो. साधी पांढरी रांगोळी घ्या, पाच-सहा किलो पुरते. ही रेघ शोभेची नाही. गाणं रंगात आलं की फेर नकळत आत आकसतो किंवा एका बाजूला सरकतो, आणि रेघ नसेल तर चौथ्या गाण्याला तिन्ही फेरांचा एक गोळा झालेला असतो.

तिन्ही फेर एकाच दिशेने फिरवा. उलटसुलट फिरवले तर गच्चीवरून छान दिसतात, पण जरा सरकले की समोरासमोर टक्कर होते.

तुकड्यांचा हिशेब असा. ४२च्या तीन तुकड्या एका रिंगणात. एक तुकडी सबंध मधल्या फेरात, दुसरी सबंध बाहेरच्या फेरात, तिसरीतल्या १४ जणी बाहेर आणि २८ आत. फुटणारी तुकडी आधीच ठरवून वर्गात नावं वाचून दाखवा. पटांगणात ठरवायला गेलात तर मैत्रिणींच्या जोड्या तोडण्यातच पंधरा मिनिटं जातात.

---

नव्या_बाई

हे फार कामाचं. पण नववीच्या मुली १२.१०ला घरी जातात. दुपारचा भोंडला चालवणार कोण? आणि हस्ताचा पाऊस?

---

फक्की_आणि_दोरी

नववीला थांबवू नका. निम्म्या जणींचे क्लास असतात, उरलेल्या डबा नसल्यामुळे चारपर्यंत गळतात. पहिल्या खेपेत पाचवीच्या चार आणि सहावीच्या दोन तुकड्या खेळतील, त्यांना सातवीच्या १४ मुली सांभाळतील. दुसऱ्या खेपेत सहावीच्या उरलेल्या दोन आणि सातवीच्या चार, तेव्हा आधी खेळून झालेल्या सहावीतल्या १४ मुली सांभाळतील. १४ अशा: प्रत्येक फेराला एक, म्हणजे सहा, गाण्याला पाच, पाटाजवळ दोन, आणि एक घड्याळवाली. घड्याळवालीला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, फुलं आणायलासुद्धा पाठवायचं नाही.

एका खेपेला ३५ मिनिटं, म्हणजे एक तासिका. आत यायला आठ, सहा गाण्यांना बावीस, बाहेर जायला पाच. शेवटच्या दोन तासिका घ्या, ४.२० ते ५.३०. त्याआधी फरशी आणि माती तापलेली असते, अनवाणी उभं राहवत नाही. सकाळच्या अधिवेशनाला हा प्रश्न नाही, पहिल्या दोन तासिकांत उरका.

बूट वर्गातच, आपापल्या बाकाखाली काढायचे. पटांगणाच्या कडेला काढले तर काळ्या बुटांचे २५० एकसारखे जोड आणि शेवटी डाव्या पायाचे दोन घालून घरी गेलेली एक मुलगी, असा हिशेब लागतो.

गाण्यांचे कागद वाटू नका, हात धरलेले असताना कागद धरणार कशाने? आधीचे आठ दिवस परिपाठाला एकेक गाणं म्हणून घ्या, शेवटचे दोन दिवस उजळणी. पाटावरचा हत्ती जमिनीवर ठेवला तर बाहेरच्या फेराला दिसत नाही आणि मुली बघायला आत घुसतात. पाट बाकावर चढवा. धान्याचा हत्ती काढला तर खाली ताट ठेवा, म्हणजे धान्य नंतर वापरता येतं.

पाऊस दुपारनंतरच गाठतो. निर्णयाची वेळ आधी ठरवा: ३.३०ला मंडळाची प्रमुख आणि पर्यवेक्षिका आभाळ बघतील, हो किंवा नाही म्हणतील, मग बदल नाही. राखीव दिवस पहिल्याच नोटिशीत लिहा. घटस्थापना उशिरा आली तर भोंडला सहामाहीच्या तोंडावर येतो, तेव्हा राखीव दिवस आधीच्याच आठवड्यात बसवा. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी कोणी पटांगण देणार नाही आणि देऊही नये.

---

हिशेबाची_वही

खिरापत राहिली. ओळखायची खिरापत वेगळी आणि वाटायची वेगळी ठेवा. ओळखायला प्रत्येक तुकडीतून एक झाकलेला डबा, घरून आलेला. मजा त्यातच आहे. वाटायला मात्र सगळ्यांना एकच कोरडी वस्तू. ओल्या खोबऱ्याचं काही सकाळी करून दुपारी साडेचारला वाटलं तर त्या उन्हात आंबलेलं निघतं. राजगिऱ्याचा लाडू सोयीचा: नवरात्राचा उपास असलेलीलाही चालतो आणि ताटली लागत नाही. ५०० अधिक पाच टक्के, म्हणजे ५२५. बारा डबे, प्रत्येकावर तुकडी आणि मोजलेला आकडा. वाटप वर्गात, हात धुऊन झाल्यावर, वर्गमंत्रिणीने. पटांगणात वाटलं की रांग दोनदा लावणाऱ्या निघतात आणि शेवटच्या तुकडीला कमी पडतं. शेंगदाण्याचं काही द्यायचं असेल तर कोणाला चालत नाही ते वर्गशिक्षिकांना आधी विचारून घ्या.

आता पैसे. मुलींच्या हातात द्यावेत. पण उचल म्हणून, ठरावीक कामासाठी, एका वेळी ५०० ते १००० रुपये. कार्यालयातून उचल घेताना दोन मुलींच्या सह्या, तीन दिवसांत पावत्या आणि उरलेली रक्कम परत. रोख रक्कम रात्री कुणाच्याही दप्तरात राहता कामा नये. हरवली तर मुलीवर संशय येतो, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तो आयुष्यभर पुरतो.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, वस्तू, नग, रक्कम, पावती क्रमांक. रविवार पेठेत बोहरी आळीत सजावटीचं आणि कागदाचं सामान घाऊक मिळतं. तिथे आधी शाळेच्या नावाची पक्की पावती मागायची आणि मगच पैसे काढायचे, हे मुलींना शिकवून पाठवा. कच्च्या चिठ्ठीवर कार्यालय पैसे देत नाही आणि मग बाई खिशातून भरतात. खरेदीला दोन मुली आणि एक मोठं माणूस. थर्माकोल कुणी कितीही स्वस्त दिलं तरी नाही, २०१८पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे. फुलं मंडईतून थोडी, किंवा जास्त लागली तर मार्केट यार्डातून.

ऑनलाइन पैसे बाईंच्या स्वतःच्या खात्यातून भरू नका. दहा-वीस रुपयांचे तीस व्यवहार घरखर्चात मिसळले की मार्चमध्ये तेच शोधत बसावं लागतं.

वर्गणी काढू नका. दहा रुपये ही रक्कम छोटी वाटते. पण ज्या मुलीने आणले नाहीत तिचं नाव वर्गमंत्रीण सगळ्यांसमोर वाचते आणि ती मुलगी त्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहते.

---

दुपारचं_अधिवेशन

पॅडच्या डब्याबद्दल. कार्यक्रम एका दिवसात संपतो, त्यामुळे तो कसाबसा पार पडतोच. उपक्रमाची कसोटी लागते ती कुणाचंच लक्ष नसतं त्या आठवड्यात. घटक चाचणी, सहामाही, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला दिवस. त्या दिवशी डबा भरायचं काम कुणाच्याही नावावर नसतं. मुली येतात, रिकामा डबा बघतात, पुन्हा बघायला येत नाहीत. दरवर्षी दिवाळीनंतर दिसेनासा होतो म्हणता ना, तो तिथेच जातो.

मांडणी अशी करा. दोन स्वच्छतागृहं, प्रत्येकात घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा, कुलूप नाही. पुठ्ठ्याचं खोकं पावसाळ्यात दमट होतं आणि पॅड ओल धरतात. प्रत्येक पॅड सुट्या वेष्टणातलं घ्या. डब्यात फक्त दहा. सोमवारी आणि गुरुवारी दहापर्यंत भरायचे. आठवड्याला जास्तीत जास्त ४० लागतील, महिन्याला १६०. सुरुवातीला २०० आणून साठा कुलपात ठेवा, किल्ली मावशींकडे. पहिल्या दोन महिन्यांच्या मोजणीवरून आकडा बदला.

दहाच का, तर हमखास घडणारी गोष्ट अशी: डब्यात ५० ठेवतात, एक दिवस कुणीतरी १५ नेते, मंडळाची तातडीची सभा होते, डब्याला कुलूप लागतं, किल्ली शिक्षककक्षात जाते आणि उपक्रम संपतो. दहाच असतील तर दहाच जातात. दुसऱ्या भरणीला पुन्हा भरा, चौकशी करू नका. जिने १५ नेले तिच्या घरी बहुधा लागत होते.

नावांची नोंद ठेवायची नाही. वहीत फक्त तारीख, किती उरले होते, किती भरले. ‘कोणी घेतलं’ हा रकाना आखला की सातवीतली मुलगी डब्याकडे फिरकत नाही.

विल्हेवाट डब्याइतकीच महत्त्वाची, आणि ती बहुतेक मंडळं विसरतात. वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाचे चार तुकडे, दोऱ्यात ओवून डब्याशेजारी टांगायचे. त्यात गुंडाळून वर लाल पेनाने ठिपका, मग झाकणाच्या वेगळ्या बादलीत. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवायचा प्रयत्न केला आहे. ठिपका दिसला की वेचणाऱ्या ताईला पुडी उघडून बघावी लागत नाही. पेन दोरीने बांधा, सुटं ठेवलं तर मधल्या सुटीपर्यंत टिकत नाही. पॅड संडासात टाकायचं नाही हे चित्र काढून लावा, नुसत्या सूचनेचं सगळ्यांना अजीर्ण झालेलं असतं. जाळायचं यंत्र असेल तर एका वेळी ठरलेल्यापेक्षा जास्त पॅड भरू नका. ती अर्धवट जळतात, धूर होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते आणि यंत्र कायमचं बंद राहतं. राख काढण्याची पाळी कुणाची, तेही लिहून ठेवा. मुलींची नको.

आणि दोन अधिवेशनांमधली वीस मिनिटं. प्रत्येक कामाला दोन मुली ठेवा, सकाळची नववीतली आणि दुपारची सातवीतली. १२.१० ते १२.३०च्या दरम्यान जिन्याखालच्या कपाटात एक वही: आज काय झालं, काय राहिलं, किल्ली कुठे आहे. तीन ओळी. तोंडी निरोप एकदाच पोचतो, दुसऱ्यांदा ‘मला कुणी सांगितलंच नाही’ होतं.

दिवाळीआधी शेवटच्या दिवशी डबे रिकामे करून पुसून ठेवा आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवसासाठी दोन नावं आत्ताच वहीत लिहा.

---

आठवी_ड

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. मतदान घ्या. नागरिकशास्त्र शिकवायचं आणि मंत्रिमंडळ बाईंनी नेमायचं, हे मुलींना कळत नाही असं नाही.

---

हिशेबाची_वही

मतदानाने निवडून येते ती आधीच सगळ्यांना माहीत असलेली मुलगी: गॅदरिंगमध्ये नाचलेली, नाहीतर कबड्डीच्या संघातली. ती साठ्याची वही ठेवेलच असं नाही.

---

आठवी_ड

मान्य, म्हणून दोन्हींची सांगड घाला. वर्गमंत्रीण मतदानाने, गुप्त चिठ्ठीने. मोजणी दोन मुलींनी फळ्यावर रेघा मारून करायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कामाची पदं अर्जाने. अर्जासोबत एक छोटं काम: हिशेबाचं पद हवं असेल तर पाच पावत्यांवरून एक पान लिहून दाखव, सूत्रसंचालनाचं हवं असेल तर परिपाठाला दोन मिनिटं बोल. काम बघून निवड जुन्या मंडळातल्या तीन मुली आणि एक बाई करतील. मागे बसणाऱ्या मुली याच वाटेने पुढे येतात, मतदानात त्यांना कुणी विचारत नाही.

‘आरोग्यमंत्री’ वगैरे पदनामं ऐकायला गोड असतात, पण काय करायचं ते त्यातून कळत नाही. पदाखाली काम लिहा: ‘सोमवारी आणि गुरुवारी डबे भरणे’.

मुख्य पदं नववीला, उपपदं आठवीला. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत असते, दिवाळीनंतर त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. निवड जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा, पहिल्या घटक चाचणीत ती अडकली की सप्टेंबर उजाडतो.

विषयशिक्षकांची नाराजी हे मंडळ बुडण्याचं आणखी एक कारण. मुलींना तासातून बोलवायचं असेल तर तीन दिवस आधी नोटीस वहीत नावं आणि वेळ. एका मुलीचा एकाच विषयाचा तास आठवड्यात दोनदा बुडायचा नाही. गणिताच्या बाईंना हे आधी दाखवा, पुढचं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र मुलींकडे अजिबात द्यायची नाही: तक्रारपेटी. सूचनापेटी मंडळाने उघडावी, वाचावी, उत्तरं फलकावर लावावीत. तक्रारपेटी वेगळी, आणि ती शाळेच्या सखी सावित्री समितीतल्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीतल्या, मोठ्या माणसांनीच उघडायची. एखाद्या चिठ्ठीत छळाबद्दल लिहिलेलं असेल तर ते नववीतल्या मुलीने आधी वाचायचं आणि मनात ठेवायचं, हे ओझं तिच्यावर नको. पेटीवर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा.

फोटो शाळेच्या एकाच फोनवर, पालकांची संमती जूनमध्येच, आणि तुकडीची पाटी चौकटीत येऊ द्यायची नाही.

---

कसबा_ते_गंज

थोडं विषयांतर. पुण्यातलं मुलींच्या शाळेचं मंडळ ३ जानेवारीला काहीतरी करणारच, म्हणून आत्ताच सांगतो. सावित्रीबाईंच्या जयंतीला सगळ्या शाळेला भिडेवाड्याकडे न्यायचा उत्साह असतो. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तो वाडा आता तिथे उभा नाही, स्मारकासाठी डिसेंबर २०२३मध्ये पाडला. समोर दगडूशेठचं मंदिर, मधे वाहता रस्ता, पदपथ अरुंद, आणि त्या तारखेला गर्दी वेगळीच. शंभर मुलींना तिथे उभं करायलाही जागा मिळत नाही.

त्यापेक्षा आदल्या आठवड्यात चाळीस मुली न्या, दहा मुलींमागे एक मोठं माणूस, दोन-दोनच्या रांगेत. सकाळी साडेसातला निघा, लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं उघडायच्या आत रस्ते ओलांडून होतात. भिडेवाड्याच्या जागेवर दहा मिनिटं, तिथून पुढे गंज पेठेतल्या फुलेवाड्यात. बोलायला वेळ तिथे ठेवा, उभं राहायला जागा आहे. माहिती सांगण्याचं काम चार मुलींना, प्रत्येकीला तीन मिनिटं, कागदावर फक्त पाच शब्द. त्याच चौघी ३ जानेवारीला परिपाठाला दोन्ही अधिवेशनांत बोलतील. सकाळच्या मुलींना दुपारी १२.३०पर्यंत थांबवायची परवानगी पालकांकडून त्याच चिठ्ठीत घ्या.

---

नव्या_बाई

सगळ्यांचे आभार, उद्या दोरीला गाठी मारून बघते. एक राहिलं: लाल पेन दोरीने बांधलं तरी शाई महिनाभरात संपते, त्याला काय?

---

दुपारचं_अधिवेशन

पेनाऐवजी लाल तेलखडू बांधा. सोमवारच्या भरणीच्या यादीत एक ओळ वाढवा: ‘खडू आहे का, कागद आहेत का’. कागद खडूच्या आधी संपतात.